उलट्या आलेल्या पट्ट्या

आमच्या कारखान्याला कारखाना फक्त बाबा म्हणतात. बाकी सगळे खालची खोली म्हणतात, कारण ती खालची खोलीच आहे. पुढे रस्त्यावर उघडणारं दार, डाव्या भिंतीला एकुलती एक खिडकी, मागे वेत भिजवायची लांबोडकी टाकी आणि छताला उलटे टांगलेले खुर्च्यांचे सांगाडे. वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. आम्ही म्हणजे बाबा, आई, आत्या आणि मी. मी दहावीत आहे. या वर्षी वक्तृत्वात पहिली आले, तेव्हापासून आत्या मला भोंगा म्हणते. त्याआधी मी घुमी होते. आत्याच्या मते तेच बरं होतं.

वेत चिरायचं काम आत्याचं. ती बाबांची थोरली बहीण, हे काम आजोबांच्या हाताखाली शिकलेली. एकदा सासरी गेली आणि सहा महिन्यांत परत आली, याच्यापुढे आमच्या घरात त्या विषयावर कोणी वाक्य पूर्ण करत नाही. वेताच्या काठीची साल गुळगुळीत, चकचकीत असते आणि खुर्ची विणायला तीच लागते. आत्या काठीच्या बुडख्याकडून सुरीने चार खाचा पाडायची, त्यात लाकडी चौफुली बसवायची आणि ढकलायची. वेत चरचरत जायचा आणि चार फाकी बाजूला पडायच्या. मग एका पाटाला ठोकलेल्या दोन पात्यांमधून ती एकेक फाक ओढायची, अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून. शेवटी पट्टी खालच्या ओठावरून एकदा सर्रकन ओढायची. ओठाला काही लागलं नाही की पट्टी पास. मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, आत्या वेताची चव बघते.

धाकटी आत्या दुसऱ्या गावी असते. तिला जुळी मुलं आहेत आणि ती दर महिन्याला फोन करून म्हणते, "अक्का, ये ना इकडे, मला हाताशी कोणीतरी हवंय." आणि आमची आत्या दर महिन्याला म्हणायची, "मी आले तर इथे वेत कोण चिरणार?" झालं, फोन संपला. इतकी वर्षं हे एकच वाक्य पुरलं.

मग मशीन आलं.

बाबांनी ते एका बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलं, आणि घ्या म्हणून त्यांच्या मागे भुणभुण लावली होती मी. खोटं कशाला बोलू. मी माहिती काढली, मी आकृती काढून दाखवली, मी जेवताना भाषणं दिली. वाचनालयाचं मोठं काम मिळालं होतं, साठ खुर्च्या, बैठक आणि पाठ दोन्ही वेताची, आणि एकटी आत्या एवढ्या पट्ट्या तीन महिन्यांतही काढू शकली नसती. माझा मुद्दा बिनतोड होता. बाबा म्हणाले, "ही ऐकायची नाही. आणून टाकू."

टेम्पोतून उतरवताना चार माणसं लागली. लोखंडी टेबल, त्यावर रुळांच्या दोन जोड्या, एकीकडे वेत चिरायचं चांदणीसारखं पातं, दुसरीकडे चिरलेली पट्टी एका मापाची करायची पाती. ठेवायचं कुठे यावर चर्चा झालीच नाही, कारण प्लग खिडकीखाली होता. तिथे आत्याचा पाट होता. तो मागे टाकीजवळ गेला.

आत्या कमरेवर हात ठेवून बघत होती. "जावईबापू आले," ती म्हणाली. "आता घरच्यांनी कोपरा धरायचा."

"ताई, तू आता आराम कर," बाबा म्हणाले. "खूप केलंस."

"आराम म्हणजे काय करायचं असतं रे?"

बाबांनी टाकीकडे हात केला. "म्हणजे... पट्ट्यांच्या जुड्या बांध. बसल्या बसल्या."

"बसूनच तर करत होते आजवर," आत्या म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

मी हे सगळं ऐकलं, पण माझं लक्ष मशीनवाल्याकडे होतं. काय कुठे दाबायचं ते तो दाखवत होता. "पट्टी नेहमी जाड टोकाकडून घाला, म्हणजे अडकणार नाही. आणि अडकलीच तर ही दुसरी कळ दाबा. रूळ उलटे फिरतात."

"या पात्यांना दोन्ही बाजूंनी धार आहे का?" मी विचारलं.

तो बाबांकडे बघून म्हणाला, "मुलगी हुशार आहे तुमची."

बस. एवढंच पुरे होतं मला.

पहिले दोन दिवस मी शाळेतून आल्यावर बाबांबरोबर मशीनवर उभी राहायचे. मी अलीकडून पट्टी घालायची, बाबांनी पलीकडे ओढून घ्यायची. पण पुढची पट्टी उचलून, तिचं टोक छाटून, सरळ धरेपर्यंत मशीन नुसतंच घुरघुरत राहायचं. तिसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला मला सुचलं. रूळ उलटे फिरतात, पात्यांना दोन्हीकडून धार आहे, मग बाबांनी पण का घालू नये? अर्ध्या पट्ट्या त्यांच्या बाजूला ठेवायच्या. एक मी इकडून घालायची, दुसरी कळ दाबायची, एक त्यांनी तिकडून. माझी जात असताना त्यांनी आपली तयार करायची. तयार झालेल्या पट्ट्या मशीनला लागून ठेवलेल्या लाकडी घोडीवर टाकायच्या. एक माझी, एक त्यांची, एक माझी, एक त्यांची.

मशीन क्षणभरही रिकामं राहीना. काम निम्म्या वेळात व्हायला लागलं. बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "ही आमची इंजिनीयर." शेजारच्या कुलूपवाल्या काकांना तर त्यांनी दोनदा सांगितलं. वर्गात मी हे फळ्यावर बाण काढून समजावलं आणि विज्ञानाच्या बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. मी महिनाभर जमिनीपासून वीतभर वरून चालत होते.

विणायचं काम आईचं. भिजवलेल्या पट्ट्या भोकांतून ओवायच्या, ओढायच्या, खुंटी मारायची. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "या पट्ट्या हाताला अडतायत गं."

"मशीनच्या आहेत ना आई, एकदम एका मापाच्या. तुला सवय नाही."

"सवय," आई म्हणाली. "वीस वर्षं विणतेय मी."

"तेच तर. वीस वर्षांची जुनी सवय."

किती चुरचुरीत उत्तर दिलं मी. आईने बोटांना चिकटपट्टी गुंडाळली आणि पुढे विणत राहिली.

त्याच सुमारास धाकट्या आत्याचा महिन्याचा फोन आला. मी जिन्यात होते. आमची आत्या नेहमीसारखी "मी आले तर इथे..." म्हणाली आणि थांबली.  मग म्हणाली, "बघते."

फोन ठेवून ती वळली तर मी समोर. "काय बघतेस?" मी विचारलं.

"इथे माझं काय अडलंय आता, ते बघते. सापडलं तर तुला सांगेन."

 आत्या जाणार म्हणजे काय? ती काही घरातलं कपाट नाही, इथून उचललं की तिथे ठेवलं. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, बदल झाला की माणूस तसं बोलतं. होईल सवय." सवय हा शब्द आमच्या घरात त्या दिवसांत फारच वापरला गेला.

साठ खुर्च्या वेळेआधी चार दिवस गेल्या. एकविसाव्या दिवशी एक परत आली.

वाचनालयाचे व्यवस्थापक स्वतः घेऊन आले होते ती. हळू आवाजात बोलणारे, जाड चष्म्याचे गृहस्थ. त्यांनी खुर्ची दारात ठेवली आणि बैठकीकडे बोट दाखवलं. वेताला कुसं फुटली होती, बारीक, ताठ, गव्हाच्या कणसाला असतात तशी. त्यांच्यात लोकरीचे धागे अडकले होते. निळे, करडे, एक लाल.

"वाचणारे तासन्‌तास बसतात," ते म्हणाले. "लोकांचे स्वेटर उसवतायत. एका मुलीच्या पोटरीला ओरखडे आले. साठच्या साठ अशाच आहेत."

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मशीनवाल्याला बोलावलं. त्याने पाती काढून नखावर धार बघितली, पट्टी मोजली आणि म्हणाला, "मशीन चोख आहे. विणताना काहीतरी होत असेल."

आई तिथेच बसली होती. कोणी तिच्याकडे बघितलं नाही, आणि न बघायची रीत अशी होती की बघितल्यापेक्षा वाईट.

"पट्टी जास्त भिजली असेल," बाबा हळूच म्हणाले. "किंवा ओढताना जोर..."

"माझ्याच्याने काही झालं नाहीये," आई म्हणाली.

"मी कुठे म्हणतोय झालं?"

"म्हणत नाहीये, पण बोलताय तर तेच."

आत्या मागे टाकीजवळ जुड्या बांधत होती. तिचे हात थांबले होते, एवढं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर मी वाचनालयात गेले. लांब खोली, उंच खिडक्या, आणि आमच्या खुर्च्यांवर लोकांनी वर्तमानपत्रं पसरली होती, म्हणजे बसताना टोचू नये. ते बघून बाबा दारातच उभे राहिले. मी एका रिकाम्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसले आणि नाक लावून बघितलं.

सगळ्या पट्ट्यांना कुसं नव्हती. एक पट्टी साफ होती. तिच्या शेजारची केसाळ. पुढची साफ. तिच्या पुढची केसाळ.

एक माझी, एक त्यांची.

मी एका सुटलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. या बाजूने फिरवलं तर काच. उलट फिरवलं तर प्रत्येक पेराला बोट अडलं. वेत एका दिशेने वाढतो. त्याचं पेर बुडख्याकडून शेंड्याकडे गुळगुळीत असतं आणि शेंड्याकडून बुडख्याकडे फिरलं की टोचतं. विणताना सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने ओढायच्या असतात. ओढणारी आई काय करणार? जुडीतल्या पट्ट्यांची टोकं एकीकडेच आहेत असं धरूनच ती वीस वर्षं विणत आली. आणि आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून, दोघंही जाड टोकाकडून पट्ट्या घालत, एकीचा बुडखा इकडे आणि दुसरीचा तिकडे, अशा जुड्यांवर जुड्या रचत होतो. ओली असताना पट्टी आईची बोटं सोलत का होईना, ओवली गेली. वाळल्यावर तिने दात काढले.

मशीनला शेंडा-बुडखा कळत नाही. मलाही कळला नाही.

परतताना मी एक शब्द बोलले नाही. बाबा म्हणाले, "बरं नाही का तुला?"

घरी आल्यावर मी थेट टाकीजवळ गेले. आत्या एकटीच होती. मी तिच्यासमोर बसले आणि एकदम सगळं ओकून टाकलं: उलटी कळ, एक माझी एक त्यांची, केसाळ आणि साफ. ती ऐकत होती. मान हलवत होती. आणि मान हलवायची तिची रीत आश्चर्याची नव्हती. मी बोलता बोलता थांबले.

तिच्या शेजारी बांधलेल्या जुड्या होत्या. आत्या जुडी नेहमी बुडख्याशी बांधते, काळ्या दोऱ्याने, म्हणजे विणणारीला कळावं कुठून सुरू करायचं. या सगळ्या जुड्या मधोमध बांधलेल्या होत्या.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

आत्याने दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं. "पहिल्याच दिवशी. तुझ्या युक्तीची पहिली जुडी हातात आली तेव्हाच. एक पट्टी ओठावरून ओढली, बरी होती. दुसरी ओढली, ओठ कापला."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं का कोणी?"

"आत्या, यात विचारायचं काय? तू सांगायचंस ना."

"हो, सांगायचं होतं." तिचा आवाज तिच्यासारखा नव्हता. "मला वाटलं, पाच खुर्च्या होतील, मग कोणाला तरी दिसेल. भावड्या येईल आणि म्हणेल, ताई, जरा बघ गं हे काय झालंय. मग मी बघेन. पाचाच्या दहा झाल्या. दहाच्या वीस. तू रोज येऊन सांगायचीस, आज एवढ्या झाल्या, आज तेवढ्या झाल्या. मग सांगायची वेळच निघून गेली. तिसाव्या खुर्चीला काय सांगणार, की मला पहिल्या खुर्चीपासून माहीत आहे?"

"आईची बोटं सोलली गेली."

"दिसतात मला."

"काल सगळे आईकडे बघत होते."

"बघत नव्हते," आत्या म्हणाली. "मीही नाही बघितलं." मग पदराने हात पुसत म्हणाली, "मी रविवारी जाते धाकटीकडे. तुला काय सांगायचं ते सांग त्यांना. मी नाही म्हणणार नाही."

ती मला अडवत नव्हती, हे जास्त वाईट होतं. मला वक्तृत्वात शिकवलंय की दोन बाजू असतात, एक निवडायची आणि ठासून मांडायची. इथे आई एका बाजूला होती, आत्या दुसऱ्या, आणि मधली चूक चक्क माझी.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी उभी राहिले. खरंच उभी राहिले, स्पर्धेत राहतात तशी, कारण बसून मला बोलताच आलं नसतं. सांगितलं की चूक माझी आहे, उलट्या कळेची युक्ती माझी होती, एकाआड एक पट्टी उलटी लागली आहे, आईच्या विणण्यात काही खोट नाही. आत्याचं नाव मी घेतलं नाही. ठरवून घेतलं नाही.

आई कपाकडे बघत म्हणाली, "म्हणजे माझं विणकाम नाही बिघडलं." मग पुन्हा एकदा, आणखी हळू, "माझं नाही बिघडलं."

बाबा कपाळ चोळत होते. "अरे देवा. एवढी साधी गोष्ट. मी लहानपणापासून..." मग त्यांचा हात थांबला. "पण पट्ट्या सगळ्या ताईच्या हातून जातात. जुड्या ताई बांधते."

ते आत्याकडे वळले.

"ताई, तुला कळलं नाही?"

मी बोलायला तोंड उघडलं. आत्याने माझं मनगट धरलं. "कळलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"पहिल्या दिवशी."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तिची बोटं बघ, ताई." आणि उठून खाली निघून गेले. थोड्या वेळाने खालून मशीन नुसतंच सुरू केल्याचा आवाज आला, पट्टी न घालता, घुरघुर.

आईने सगळे कप उचलले. आत्याचा चहा अर्धा होता, तोही उचलला.

सकाळी आत्याने कपाटावरची बॅग काढली, भरली आणि पलंगाखाली ठेवली. मी शाळेची तयारी करत होते. खाली गेले तर आई केव्हाची बसलेली. परत आलेली खुर्ची समोर घेऊन ती कात्रीने विणकाम कापत होती. बाकीच्या एकोणसाठ पण येणार होत्या. व्यवस्थापकांनी दोन आठवडे दिले होते आणि एवढ्यात नवीन वेत मिळणार नव्हता. पण शिल्लक जुड्या भिंतीला रचलेल्या होत्या, पुरतील एवढ्या. फक्त त्या सगळ्या मिसळलेल्या, शेंडा ना बुडखा. मशीनमधून निघालेली पट्टी दोन्ही टोकांना सारखीच रुंद असते. बघून काही कळत नाही.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या आत्याला सांग, पट्ट्या लावून द्यायच्या आहेत. मला ओठावर धरता येत नाही. धरलं तरी कळत नाही."

आत्या जिन्यात उभी होती. चार हातांच्या अंतरावर.

"आई म्हणतेय," मी म्हणाले.

"ऐकू येतं मला."

"आणि हेही सांग," आई म्हणाली, "की मी तिच्याशी बोलणार नाहीये. इतक्यात तरी नाही. पण पट्ट्या लागतील."

आत्या खाली आली. दारात उजेड चांगला येतो, तिथे उंबऱ्याशी बसली आणि पहिली जुडी सोडली. "सांग तुझ्या आईला, पट्ट्या लावून होईपर्यंत थांबते. मग पुढच्या रविवारी जाते."

अकरा दिवस हे असं चाललं. आत्या पट्टी ओठावरून ओढायची, फिरवायची किंवा नाही फिरवायची, आणि मी बुडख्याला निळ्या शाईचा ठिपका द्यायची. मीही ओठाने करून बघितलं. पहिल्या पन्नासांत दहा चुकल्या आणि ओठ असा सुजला की वर्गात कोणीतरी विचारलं, मधमाशी का? मी म्हटलं, जावई. कोणाला कळलं नाही, आणि मी समजावलंही नाही. उलट्या कळेवर मी चिकटपट्टी लावून टाकली. बाबा मशीनजवळ फिरकत नव्हते. ते खुंट्या काढायचे, सांगाडे घासायचे आणि दोन बायकांच्या मधून वाकून जायचे, जणू मध्ये दोरी बांधली आहे.

बोलणं सगळं माझ्यामार्फत. "तुझ्या आत्याला सांग, पाठीला बारीक पट्ट्या हव्यात." "तुझ्या आईला सांग, त्या डाव्या ढिगात आहेत." दोघींमध्ये अंतर पाच फूट. एकदा आत्या म्हणाली, "तिला सांग, चुकलं माझं." मी आईकडे वळले. आई म्हणाली, "हे तुझ्याकरवी नको." आत्याने मान खाली घातली आणि पुढची पट्टी उचलली. तिने स्वतःहून ते म्हणावं म्हणून मी किती वेळ थांबले. ती काही म्हणाली नाही. मला दोघींचाही राग आला, आणि मग वाटलं की माझा कोणाला का येत नाहीये. तो सगळ्यांना आधी यायला हवा होता.

रविवार उजाडला. त्रेपन्न खुर्च्या गेल्या होत्या, तीन विणून तयार होत्या. आत्याची बॅग जिन्याच्या पायथ्याशी आली होती आणि गाडी दुपारी दोनची होती.

आई विणता विणता म्हणाली, "तुझ्या आत्याला सांग, जायचंच असेल तर उरलेल्या चार खुर्च्यांच्या पट्ट्या लावून ठेवून जावं."

आत्याने चपलेत एक पाय घातला होता. ती माझ्याकडे नाही, आईकडे बघून म्हणाली, "चार नाहीत, सात आहेत. त्या तीन तू सैल विणल्यास. बसलं की खाली येतील."

आईचा हात थांबला. मला वाटलं, आता काय होतंय देव जाणे.

"कुठल्या तीन?" आई म्हणाली. सरळ तिला. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

"काल गेल्या त्यातल्या नव्हेत. या इथल्या. ही, ही आणि ती कोपऱ्यातली."

"ही? ही सैल आहे?" आईने खुर्ची पुढे ओढली. "दाबून दाखवा वन्सं. दाखवाच."

आत्याने मुठीने बैठक दाबली. ती खाली गेली. आईनेही दाबली. "एवढं तर चालतं."

"एवढं चालत नाही. तुझ्या सासऱ्यांनी एवढ्यावर खुर्ची परत उचकटायला लावली असती."

"आणि त्यांनी साठ खुर्च्या होईपर्यंत तुम्हाला गप्प बसू दिलं असतं का?"

आत्याने मूठ काढून घेतली. रस्त्यावरून कोणीतरी शिट्टी वाजवत गेलं. "नाही," आत्या म्हणाली. "हाकलून दिलं असतं मला."

 आईने कात्री उचलली आणि त्या खुर्चीची पहिली पट्टी कापली. मग दुसरी कात्री आत्याच्या बाजूला सरकवली, नुसती पायाने, बघितलं नाही. आत्या तशीच, एका पायात चप्पल, खाली बसली.

दीड वाजता बाबा वरून आले आणि म्हणाले, "ताई, गाडीची वेळ होतेय."

"तुम्ही जरा गप्प बसता का," आई म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. आमच्या घरात त्या क्षणी काय चाललंय ते मलाही नीट माहीत नव्हतं, आणि मला काही माहीत नाही असं फार कमी वेळा होतं.

दोनची गाडी गेली. चारला धाकट्या आत्याचा फोन आला आणि तो मी घेतला, कारण बाकीच्या दोघींचे हात भरलेले होते.

"निघाली का गं ती?"

मी मागे बघितलं. आत्याच्या ओठाला पट्टी होती. आई तिच्या हातातून घ्यायला थांबली होती आणि दोघींचे चेहरे असे काही मायेने भरून वगैरे आलेले नव्हते. दोघी दमलेल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले.

"मग कधी येतेय?"

"माहीत नाही, आत्या."

सगळ्या खुर्च्या गेल्या त्याला आज नऊ दिवस झाले. व्यवस्थापकांचा काही निरोप नाही, म्हणजे चांगलंच असावं. मशीन सुरू आहे. एकाच बाजूने. दुसऱ्या टोकाला बाबांनी एक स्टूल ठेवलंय. आत्या कधी तिथे बसते, कधी बसत नाही. आई तिच्याशी बोलते, पण मोजून दोन-तीन शब्द: "मीठ द्या", "दार लावा". आणि बॅग पलंगाखाली परत गेली आहे, न उघडता. आत्या रोजचं पातळ बाहेरच्या दोरीवरचं घेते. मी एकदा विचारलं, बॅग रिकामी करून देऊ का? ती म्हणाली, "राहू दे, घाई काय आहे."

शाळेतून येताना मी कोपऱ्यापासूनच भराभर चालते. दारात पोचले की वर बघण्याआधी, मशीन ऐकण्याआधी, खाली चपला बघते. तिच्या चपलांचा डावा अंगठा तुटलेला आहे, लगेच ओळखू येतात.

आज होत्या.